रेडिएटर प्रेशर टेस्टर : थर्मोस्टॅट बदलल्यानंतरच्या गळतीवर वापरून पाहिलेले एक साधन

हातपंपाने चालणारा रेडिएटर प्रेशर टेस्टर, म्हणजे थंड इंजिनात दाब भरून कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) कुठे गळतो ते शोधण्याचे साधन, मी गेल्या डिसेंबरात ऑनलाइन मागवला. त्याला २,६५० रुपये पडले. त्याच्या विक्रेत्याचे आणि बनवणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण जवळजवळ याच घडणीच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी विकायला असतात आणि माझ्या पेटीत जे उणे निघाले ते कोणा एकाच्या माथी मारणे मला रास्त वाटत नाही. प्लॅस्टिकच्या पेटीत एक पितळी जोडाचा हातपंप, त्यावर ३५ पीएसआयपर्यंतच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) खुणा असलेला गेज, झटकन बसणाऱ्या कपलिंगची रबरी नळी आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या तोंडावर बसतील असे वीसेक रंगीत अडॅप्टर, एवढा हा ऐवज आहे. त्यांपैकी माझ्या गाडीला एकच अडॅप्टर लागतो.

हे साधन घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगायला हवे. आमची गाडी २०१२ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आहे. नोव्हेंबरात पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा अचानक वर सरकू लागला. एसी बंद करून, हीटर पूर्ण सोडून, गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास थांबल्यानंतर बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा इंजिन भट्टीसारखे धगधगत होते आणि त्यातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी नळी) मात्र हाताला जेमतेम कोमट लागत होता. ज्याला थर्मोस्टॅटचे काम ठाऊक आहे त्याला एवढी खूण पुरते. आतल्या मेणाच्या गोळीने ठरल्या तापमानाला फुगून झडप उघडायची असते. ती झडप बंदच राहिली तर गरम कूलंट इंजिनातच फिरत बसतो आणि रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही. घरी आल्यावर काढलेला जुना थर्मोस्टॅट मी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि पाणी उकळेपर्यंत वाट पाहिली. त्यावर ८२ हा आकडा, म्हणजे झडप उघडण्याचे तापमान अंश सेल्सिअसमध्ये, स्पष्ट उमटवलेला होता, तरी पाणी खळखळ उकळले तेव्हाही झडप किंचितसुद्धा हलली नाही. (ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरण्यास घरातून ठाम नकार मिळाला, आणि कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते हे लक्षात घेता तो नकार योग्यच होता.)

घाटाखालच्या एका टपरीवजा गॅरेजात मला थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला मिळाला होता. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि उष्ण प्रदेशात तो वरवर पटणाराही वाटतो. परंतु थर्मोस्टॅट नसलेले इंजिन आपल्या तापमानाला लवकर पोहोचत नाही; ते गार आहे असे समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज घसरते आणि इंजिन लवकर झिजते. त्यामुळे मी साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला, आणि गळतीची कहाणी तिथून सुरू झाली.

पहिले तीन-चार दिवस रिझर्व्ह बाटलीतली पातळी उतरत होती, पण त्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष केले. थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढावा लागतो, पुन्हा भरताना इंजिनाच्या वरच्या पोकळ्यांत हवा अडकते, आणि गाडी दोन-चार वेळा तापून निवली की ती हवा बाहेर पडून तिच्या जागी बाटलीतला कूलंट ओढला जातो. ही घट म्हणजे गळती नव्हे. परंतु पाचव्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर लहान पुरीएवढा हिरवा डाग दिसला, तेव्हा हवेचे निमित्त संपले. मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या घराच्या, खालच्या बोल्टवर ओल दिसली, म्हणून हाउसिंग पुन्हा उघडून सांध्यातून गळू न देणारे रबरी गॅस्केट बदलले आणि वीस मिनिटे इंजिन तापवून दाखवले. सगळे कोरडे ठणठणीत होते. “साहेब, गॅस्केट नवीन टाकलंय, आता थेंबबी पडायचा नाही,” असे त्यांनी सांगितले आणि ते मनापासून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे डाग जागच्या जागी हजर होता.

गाडी गॅरेजात असते तेव्हा गरम असते आणि गळते तेव्हा गार असते, हा घोळ माझ्या ध्यानात आला तेव्हाच प्रेशर टेस्टरची गरज मला खऱ्या अर्थाने पटली. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण त्यावर १ बार (साधारण हवेच्या दाबाएवढा) जादा दाब दिला तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग हा दाब धरून ठेवते. माझ्या झाकणावर १.१ असे छापले आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.१ किलो, अर्थात साधारण साडेपंधरा पीएसआय. हा दाब इंजिन तापल्यावरच तयार होतो, आणि तेव्हा तिथे हात घालणे किंवा तोंड जवळ नेऊन पाहणे धोक्याचे असते, शिवाय बारीक थेंब गरम धातूवर सुकूनही जातो. टेस्टरचे काम इतकेच की झाकणाच्या जागी अडॅप्टर बसवून, पंपाने तोच दाब थंडगार इंजिनात भरायचा आणि मग निवांतपणे, हातात टॉर्च घेऊन, कुठे ओल फुटते ते पाहायचे.

पहिल्या संध्याकाळी या साधनाने मला पुरते गोंधळात टाकले, आणि परीक्षणात तो भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. अडॅप्टर बसवला, काटा १५ पीएसआयवर नेला, आणि पाच मिनिटांत तो ९ वर आला. एवढी मोठी गळती असेल तर खाली धार लागायला हवी होती; पण अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक थेंब नव्हता. कान देऊन ऐकल्यावर अगदी बारीक सुसकारा ऐकू आला. साबणाचे पाणी ब्रशने लावून पाहिले तर बुडबुडे अडॅप्टर आणि रेडिएटरच्या तोंडाच्या सांध्यातूनच येत होते. अडॅप्टरमधली रबरी चकती एका बाजूला मुडपलेली होती, बहुधा पेटीत दाबून भरल्यामुळे. पेटीतल्याच दुसऱ्या, माझ्या कामाच्या नसलेल्या अडॅप्टरची चकती काढून बसवली आणि तिला बोटाने थोडा कूलंट चोळला, तेव्हा बुडबुडे थांबले. माहितीपत्रकात याविषयी अवाक्षर नाही. किंबहुना त्या पत्रकात दाब कसा सोडायचा हेही धड लिहिलेले नाही, आणि ते मात्र अक्षम्य आहे, कारण पंपाच्या बुडाशी असलेली छोटी सुटका झडप न दाबता अडॅप्टर फिरवला तर कूलंटचा फवारा थेट तोंडावर येतो.

साधनच खरे बोलते आहे की नाही हे ताडण्यासाठी मी मग पेटीतल्या जोडतुकड्यावर गाडीचे झाकण लावून पंप मारला. झाकण तपासण्याची ही सोय चांगली आहे. पंप मारत जायचे आणि काटा कोणत्या आकड्याशी अडतो ते पाहायचे. माझा काटा ८ पीएसआयच्या पुढे जाईना. पंपच सदोष निघाला असे समजून मी रागाच्या भरात वस्तू परत करण्याचा अर्जही भरून ठेवला. रात्री जेवताना विचार केला तेव्हा चूक उमगली. हाच पंप रेडिएटरवर लावला तेव्हा १५ पीएसआयपर्यंत विनासायास गेला होता. पंप खराब असता तर तो तिथेही ८ वरच अडला असता. म्हणजे दोष झाकणाचा होता, बारा वर्षांच्या त्या स्प्रिंगने कधीचाच दम तोडला होता. दुसऱ्या दिवशी १.१ छापलेले नवे झाकण आणले आणि जोडतुकड्यावर लावले. काटा १६ च्या किंचित अलीकडे अडला आणि तिथेच थांबला. त्यातून गेजही विश्वासार्ह आहे याची आपसूक खात्री पटली. परतीचा अर्ज मी रद्द केला.

या झाकणामुळे गॅरेजातल्या तपासणीचेही कोडे उलगडले. झाकण ८ पीएसआयलाच तोंड उघडत होते, त्यामुळे गाडी चालताना यंत्रणेत पुरता दाब कधी तयारच होत नव्हता; निम्म्या दाबाखाली ती जागा तापलेली असताना टिकत होती आणि मेकॅनिकला कोरडी दिसत होती. त्यांच्या नजरेत खोट नव्हती. उलट मी केवळ नवे झाकण लावून समाधान मानले असते, तर दाब दुपटीच्या जवळ गेला असता आणि गळती वाढली असती; जुने झाकण बदलल्यावर एखादी जुनी जागा अचानक गळू लागल्याच्या तक्रारी ऐकू येतात, त्यामागे बहुधा हेच असते.

खरी तपासणी मी रविवारी पहाटे साडेसहाला केली. डिसेंबरातला सातारा त्या वेळी हुडहुडी भरवणारा असतो, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन पूर्ण निवलेले असते. हे दुसरे कारण महत्त्वाचे आहे. इंजिन कोमट असताना दाब भरला तर आतला कूलंट आणि हवा निवत जाऊन आकसतात, आणि गळती नसतानाही काटा हळूहळू उतरतो; त्या उतरण्याला गळती समजून माणूस नसती भोके शोधत बसतो. काटा १५ वर ठेवला, हाउसिंग, होजची टोके, हीटरचे पाइप, वॉटर पंप, रेडिएटरच्या कडा अशी प्रत्येक जागा कोरड्या फडक्याने पुसून घेतली आणि घड्याळ लावले. चार मिनिटांनी थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खालच्या बोल्टवर, म्हणजे मेकॅनिकला ओल दिसली होती नेमक्या त्याच जागी, टपोरा थेंब जमला. मीही क्षणभर गॅस्केटलाच दोष दिला. शेजाऱ्यांचा अकरावीतला मुलगा माझा दाढीचा आरसा हाउसिंगच्या मागे धरून उभा होता, त्याला टॉर्चच्या उजेडात वेगळेच दिसले. “काका, बोल्टातनं नाही येत, वरनं ओघळ येतोय,” तो म्हणाला.

ओघळ वरच्या होजच्या टोकातून निघत होता. तो हाउसिंगच्या पोटाला चिकटून पाऊण वितीचा वळसा घेत होता आणि सर्वांत खालच्या बिंदूवर, बोल्टच्या डोक्याशी, थेंब होऊन लटकत होता. थर्मोस्टॅट काढण्यासाठी हा होज सुटा करावा लागतो. मूळ स्प्रिंगची क्लिप काढताना ती ताणली गेली म्हणून तिच्या जागी स्क्रूने आवळायची क्लिप आली होती, आणि सगळी गंमत तिथे होती. स्प्रिंगची क्लिप रबर आकसले तरी त्याच्या मागोमाग आवळत जाते. स्क्रूची क्लिप मात्र जेवढी आवळली तेवढीच राहते. तापल्यावर धातूचे तोंड आणि रबर फुगून सांधा घट्ट होतो, पहाटेच्या गारठ्यात रबर आकसले की केसाएवढी फट उरते. त्यातच ॲल्युमिनियमच्या त्या तोंडावर पांढरी बुरशीसारखी खवलटे धरली होती, आणि होजच्या आतल्या कडेला बारा वर्षांत जुन्या क्लिपचा खोल व्रण पडला होता, नवी क्लिप त्याच्या शेजारी बसली होती. यांतले एकेक कारण कदाचित खपून गेले असते, तिन्ही एका जागी आली म्हणून गळती झाली.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. बारीक पॉलिश पेपरने तोंड घासून साफ केले, ४८० रुपयांचा नवा होज आणि मूळ पद्धतीची स्प्रिंगची क्लिप बसवली, आणि दोन लिटर नवा कूलंट भरला. हे काम मेकॅनिकनेच केले, मजुरी घेतली नाही. त्यानंतर टेस्टर पुन्हा लावला. अर्ध्या तासात काटा १५ वरून अर्धा पीएसआयसुद्धा उतरला नाही. मला या साधनाचा सर्वाधिक उपयोग इथे झाला असे वाटते, कारण गळती सापडणे आणि गळती गेल्याची खात्री होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी एरवी आठवडाभर फरशीकडे पाहत बसावे लागते.

साधनाच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हव्यात. काटा उतरतो एवढेच ते सांगते. कुठून, हे तुमच्या डोळ्यांनी शोधायचे असते. काटा उतरतो आहे आणि बाहेर कुठेच ओल नाही, अशा वेळी आधी अडॅप्टर तपासावा, मग समोरच्या सीटच्या पायाशी असलेल्या गालिच्याखाली हात घालून पाहावा, कारण डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळत असेल तर कूलंट तिथे झिरपतो, गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून चिकट धुके धरते. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, तिथून ओघळ आला तर आतले सील गेले असे समजावे. आणि तेही नसेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या मधल्या सीलचा, संशय घ्यावा लागतो. टेस्टर लावून इंजिन सुरू करताच काटा भराभर वर उडाला किंवा ठेक्यात थरथरू लागला, तर सिलिंडरातला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता दाट असते. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करून दाब सोडावा. ही शेवटची तपासणी मला सुदैवाने करावी लागली नाही, आणि ज्याला अनुभव नाही त्याने ती एकट्याने करू नये.

दुसरी मर्यादा दाबाची. गेजवर ३५ पर्यंत आकडे आहेत म्हणून तिथवर पंप मारण्याचा मोह होतो. झाकणावर जो आकडा आहे त्यापुढे जाऊ नये. जुन्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, आणि बारा वर्षांचे प्लॅस्टिक २० पीएसआयला तडकले तर गळती शोधण्याऐवजी आपणच नवी तयार केली असे होईल. ज्या गाड्यांच्या रेडिएटरला झाकणच नसते आणि दाब आट्यांच्या झाकणाच्या बाटलीत असतो, त्यांच्यासाठी मागवण्यापूर्वी आपल्या बाटलीच्या आट्यांचा अडॅप्टर पेटीत आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. चित्रातली संख्या पाहून फसू नये. तपासणीनंतर खाली सांडलेला कूलंट पाण्याने धुऊन टाकावा, कारण तो चवीला गोड असतो आणि आळीतली कुत्री-मांजरे तो चाटतात.

पंपाची घडण मजबूत आहे, गेज वाचायला सोपा आहे, कपलिंग पकड सोडत नाही. रबरी चकत्या सुमार आहेत आणि माहितीपत्रक जवळपास निरुपयोगी. पाचपैकी साडेतीन तारे मी देईन. चकती मुडपलेली नसती आणि पत्रकात दाब सोडण्याची एक ओळ असती तर चार दिले असते. ज्याची गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे, त्याला हे घेण्याचे काही कारण नाही. जुनी गाडी स्वतःच्या हाताने सांभाळणाऱ्याला, विशेषतः ज्याने नुकताच थर्मोस्टॅट, होज किंवा वॉटर पंप बदलला आहे त्याला, दोनदा गॅस्केट उघडण्याच्या मजुरीत याची किंमत वसूल होते. मागवताना त्याच मापाच्या दोन-तीन जादा चकत्या सोबत घ्याव्यात. मला त्या नंतर हार्डवेअरच्या दुकानात वीस रुपयांना दोन मिळाल्या.

सध्या ही पेटी माझ्याकडे नाही. मेकॅनिकने एका व्हॅनची गळती पाहायची म्हणून दोन दिवसांसाठी नेली, त्याला आता तीन आठवडे झाले. परवा गॅरेजवरून जाताना पाहिले तर तिसरीच एखादी गाडी तिच्यावर लावलेली होती.